निमोणकर बाई आणि पटांगणातली गोदावरी

निमोणकर बाईंची आणि माझी पहिली ओळख एका भिंतीवरून झाली. कर्वेनगरातल्या आपल्या शाळेत मागच्या बाजूला तीन खोल्या वाढवायच्या होत्या आणि त्यांच्या प्लास्टरचे काम माझ्याकडे होते. एका दुपारी बाई आत आल्या आणि फळ्याची जागा कुठली, असे त्यांनी विचारले. मी समोरच्या भिंतीवर खूण करून ठेवली होती, जमिनीपासून तीन फुटांवर, जशी सगळीकडे करतात. त्यांनी ती पाहिली. फळा तिथे असू द्या, पण उरलेल्या तिन्ही भिंती खालून चार फुटांपर्यंत काळ्या रंगात घोटून द्याल का, असे त्या म्हणाल्या. मी म्हणालो, बाई, इतक्या खाली लिहिताना तुमची कंबर धरेल.

"मला नाही लिहायचं," बाई म्हणाल्या. "ज्यांना लिहायचंय ते तेवढेच उंच आहेत."

मी भिंती काळ्या करून दिल्या. त्या वेळी मला हे एक खूळ वाटले होते, हे कबूल करतो.

श्रीमती शालिनी निमोणकर बाई यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यानिमित्त त्यांचे विद्यार्थी हा गौरवग्रंथ काढत आहेत. त्यात मोठमोठे लोक लिहिणार आहेत, डॉक्टर आहेत, हिंजवडीच्या कंपन्यांतले अधिकारी आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी गवंडी होतो. माझ्याकडून लिहिण्यात काही कमीजास्त झाल्यास समितीने सुधारून घ्यावे, मात्र खाली नकाशाबद्दल जे लिहिले आहे त्यातले काही गाळू नये, अशी विनंती आहे. त्याचे कारण असे की माझी मुलगी वर्षा हिने या ग्रंथासाठी आलेल्या आठवणी मला मोबाइलवर वाचून दाखवल्या. त्यांतल्या दोन-तीन आठवणींत "बाईंचा उलटा बाण" असा मजेचा उल्लेख आहे. बाईंनी नकाशात उताराचा बाण उलटा काढला आणि त्यामुळे गोदावरी कोकणात गेली, असे त्यात लिहिले आहे. लिहिणाऱ्यांनी प्रेमानेच लिहिले आहे. पण ते खरे नाही, आणि ते छापले गेले तर कायमचे छापले जाईल. म्हणून मला लिहिणे भाग आहे.

आधी बाईंच्या शिकवण्याबद्दल सांगतो, कारण बाकीचे त्यातूनच आले.

त्या खोल्यांच्या बाहेर माझे काम पुढे दोन महिने चालले होते. खिडक्यांना अजून तावदाने बसली नव्हती, त्यामुळे आतले सगळे ऐकू येई आणि दिसेही. बाई भूगोल आणि विज्ञान शिकवत. तासाच्या सुरुवातीला त्या एक मोठे चित्र टांगत. चित्रे त्यांनीच केलेली असत, लग्नपत्रिकांचे जाड कागद आणि जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजू चिकटवून. मुलांनी पाच मिनिटे नुसते बघायचे, लिहायचे काही नाही. मग बाई त्यावर जुनी चादर टाकत आणि मुले भिंतींकडे धावत. आठवेल तसे प्रत्येकाने त्या काळ्या भिंतीवर काढायचे. नंतर चादर काढायची आणि आपले चुकले कुठे ते स्वतःच शोधून रंगीत खडूने दुरुस्त करायचे. बघा, झाका, काढा, असे त्या म्हणत. चौथे "ताडा" असे एका मुलाने जोडले होते, म्हणजे ताडून पाहा. बाईंनी ते चालू ठेवले.

मी बाहेर थापी हातात धरून हे बघत असे. एकदा मुलांबरोबर मीही ज्वालामुखीचे चित्र पाच मिनिटे बघितले आणि चादर पडल्यावर मचाणाच्या फळीवर खिळ्याने काढले. बाई तासानंतर बाहेर आल्या, फळीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मिस्त्री, तोंड बरोबर आहे, पण आतली नळी राहिली." माझ्यासारख्याचे चित्रही त्यांनी तपासले, हे मी घरी जाऊन सांगितले होते.

वर्षा पुढे त्यांच्याच वर्गात आली. तिचे पाठांतर कच्चे होते आणि मला तिची फार काळजी वाटे. बाई म्हणाल्या, तिला पाठ करायला लावू नका, काढायला लावा. आमच्या वारज्याच्या खोलीत भिंत रंगवण्याची परवानगी नव्हती, म्हणून मी एक सिमेंटचा पत्रा काळा करून दिला. ती त्यावर काढू लागली आणि तिच्या लक्षात राहू लागले.

आता नकाशाबद्दल.

त्या काळात कोथरूड, कर्वेनगर सगळीकडे सोसायट्या उठत होत्या आणि शाळांमध्ये संगणक येत होते. आपल्या संस्थेतही संगणकाची खोली झाली. पटांगणाच्या मोकळ्या कोपऱ्यात पेव्हर ब्लॉक घालून पालकांच्या दुचाक्यांसाठी जागा करावी, असेही चालले होते. बाईंनी तो कोपरा मागितला. त्यांना तिथे सिमेंटचा महाराष्ट्र करायचा होता, वीस फूट लांब, डोंगर उठावाचे, नद्या खोदलेल्या. त्र्यंबकेश्वरला तांब्याभर पाणी ओतले की ते मुलांच्या डोळ्यांसमोर नांदेडपर्यंत गेले पाहिजे, असे त्या म्हणाल्या. नकाशा खऱ्या दिशांना धरून हवा होता. म्हणजे वारज्याच्या बाजूला अरबी समुद्र आणि मुठेच्या बाजूला विदर्भ. कार्यकारिणीने बऱ्याच नाखुशीने परवानगी दिली. संगणकाच्या काळात हे काय, असे काहींचे म्हणणे होते. बाई संगणकाच्या विरोधात नव्हत्या. पुढे शाळेला प्रोजेक्टर मिळाला तेव्हा तो चालवायला सगळ्यात आधी त्याच शिकल्या, आणि पडद्यावरचे चित्र पाच मिनिटांनी बंद करून मुलांना भिंतीकडे पाठवू लागल्या.

काम मला मिळाले. बाईंनी आलेखाच्या कागदावर सगळे आखून दिले होते. कुठला डोंगर किती इंच, कुठली नदी कुठून कुठे. आणि त्या कागदाच्या मधोमध, सह्याद्रीपासून पूर्वेकडे, एक लांब लाल बाण होता. त्यावर "उतार" असे लिहिले होते. वर्षाने रात्रीच्या जेवणाआधी तो कागद मला दोनदा वाचून दाखवला होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी काम केले. मनापासून केले. एके दिवशी बाई बघायला आल्या आणि त्यांनी माझे गाव विचारले. वाशीमकडचे, पैनगंगेच्या अलीकडे, असे मी सांगितले. कागदात पैनगंगा नव्हती. बाई तिथेच खाली बसल्या आणि ओल्या सिमेंटमध्ये काडीने पैनगंगा काढली, आणि माझ्या गावाच्या जागी एक पांढरा खडा दाबला. पुण्यात येऊन मला पुष्कळ वर्षे झाली होती. माझे गाव नकाशात कुठे असते ते मी तोपर्यंत पाहिले नव्हते.

आणि एवढे सगळे होऊन मी ढाळ उलटा दिला.

ढाळ म्हणजे फरशीला किंवा गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी दिलेला उतार. गवंडी कुठलीही मोकळी जमीन करायला घेतो तेव्हा पहिल्यांदा गटार कुठे आहे ते बघतो. पाणी तिकडे गेले पाहिजे, साचता कामा नये. शाळेचे गटार फाटकाच्या भिंतीलगत होते, म्हणजे पश्चिमेला. मी खालचा सिमेंटचा कोबा करताना दोन इंचांचा ढाळ गटाराकडे दिला आणि त्यावर बाईंचे डोंगर आणि नद्या जशाच्या तशा बसवल्या. बाण माझ्या खिशात होता. मी तो पाहिलाही होता. पण हाताने तीस वर्षे जे केले तेच केले, आणि मनाला ते खटकलेसुद्धा नाही.

सुट्टीनंतर एका शनिवारी नकाशा दाखवायचा ठरला. संस्थेचे कार्याध्यक्ष, मुख्याध्यापक, पालक, सगळी सातवी तिथे होती. त्र्यंबकेश्वरला वर्षाने तांब्या ओतला. पाणी जरा पुढे गेले, थांबले आणि मागे आले. दुसरा तांब्या ओतला, तिसरा ओतला. नाशिक बुडाले. महाबळेश्वर आणि भीमाशंकरकडूनही तेच झाले. सगळे पाणी सह्याद्रीला आतून टेकून वर चढत गेले, पुणे पाण्याखाली गेले आणि शेवटी बोरघाटातून धो धो कोकणात उतरले. पालक हसू लागले.

"निमोणकर बाई," कार्याध्यक्ष म्हणाले, "गोदावरीनं कोकणात बदली मागून घेतलेली दिसते."

बाईंनी नकाशाकडे एकदा पाहिले. "तापी मात्र बरोबर गेली आहे," त्या म्हणाल्या, "ती बघून घ्या." आणि त्यांनी खरोखरच मुलांना तापीकडे वळवले. तापी पश्चिमेलाच वाहते.

मी भिंतीशी उभा होतो. काय झाले ते मला पहिल्याच तांब्याला कळले होते. मी बोललो नाही. शाळेच्या नव्या मजल्याचे काम मला मिळणार अशी बोलणी चालू होती, आणि मुलगी तिथे शिकत होती. दोन्ही जातील अशी भीती वाटली.

पुढच्या महिन्यात कार्यकारिणीची बैठक झाली. नकाशा उखडून पेव्हर ब्लॉक घालायचे जवळजवळ ठरले होते आणि उखडायला किती दिवस लागतील ते सांगायला मला बोलावले होते. नकाशा गेला असता तर भिंती, चादर, चित्रे, हे सगळेच बंद होणार होते. बाईंना आधीच तसे सांगितले गेले होते. त्या बैठकीला नुकत्याच झालेल्या चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आल्या. गोदावरीचा प्रवाह सांगा, असा प्रश्न होता. बाईंनी वर्गात बरोबर शिकवले होते, पुस्तकातही बरोबर होते. तरी बहुतेक मुलांनी लिहिले होते की गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, पुण्याला येते आणि बोरघाटातून समुद्राला मिळते. काहींनी आकृतीही काढली होती.

कार्याध्यक्षांनी दोन-चार पेपर चाळले. "म्हणजे चुकीचं शिकवण्यात आपल्याला संपूर्ण यश आलं आहे," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "मी तास तासभर बोलले ते राहिलं नाही. तीन तांबे पाणी राहिलं. एकानंही प्रश्न सोडलेला नाही, सर. आता तेच बरोबर करून बघू द्या."

मग कार्याध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले आणि उतार उलटा झालाच कसा, असे विचारले. कागद माझ्या खिशात होता. मी खिशाला हात लावला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "माझ्या कागदात बाण उलटा होता. मिस्त्रींनी कागदाप्रमाणे केलं."

माझा हात खिशावर तसाच राहिला.

नकाशाला वर्षाअखेरपर्यंत मुदत मिळाली. बाईंच्या कामाच्या अहवालात मात्र निष्काळजीपणाचा शेरा आला, असे मला नंतर कार्यालयातल्या कारकुनाकडून कळले. पुढच्या वर्षी पर्यवेक्षिकेची जागा त्यांच्याकडे यायची होती, ती दुसऱ्यांकडे गेली. कारण हेच होते, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मला आजवर तसेच वाटत आले आहे.

दुरुस्तीही बाईंनी वाया जाऊ दिली नाही. नकाशा फोडण्याआधी त्यांनी मला लेव्हलची नळी घेऊन वर्गात बोलावले. ही पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. तिची दोन टोके दोघांनी दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर येते, आणि कुठली बाजू किती खाली आहे ते मोजता येते. मी ती कशी धरायची ते मुलांना दाखवले. मुलांनी नकाशावर ओणवे होऊन मोजले आणि पश्चिमेची बाजू दोन इंच खाली आहे, असे स्वतःच शोधले. बाईंनी मला वर्गात "आजचे शिक्षक" म्हटले. त्या दिवशी मला खुर्चीवर नीट बसवेना.

घरी येताना वर्षा म्हणाली, "बाबा, बाण तर पूर्वेकडे होता." मी तिला रस्ता बघून चालायला सांगितले. त्याबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही.

तीन रविवार लावून मी ढाळ पूर्वेकडे फिरवला, तापीचा तेवढा पश्चिमेलाच ठेवला. आता प्रश्न असा आला की पूर्वेला गटार नाही, तर पाणी जाणार कुठे. मी हे विचारले, या वेळी मुद्दाम विचारले. बाई म्हणाल्या, तिथे झाड लावू. बंगालच्या उपसागराच्या जागी आम्ही जांभळाचे रोप लावले. पुढे प्रत्येक वर्गाने गोदावरी आणि कृष्णा वाहवून त्याला पाणी घातले. मुले त्या झाडालाच उपसागर म्हणतात. वार्षिक परीक्षेत त्या वर्गाच्या नद्या बरोबर आल्या आणि नकाशा राहिला, तो आजही आहे. जांभळे पडून गाड्या खराब होतात अशी पालकांची तक्रार दर वर्षी येते, पण झाड कोणी तोडलेले नाही.

शाळेचे ते मजल्याचे काम मला मिळाले, हे लिहायला हवे. वर्षा शिकली, कंपनीत लागली. तिच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी बाई आमच्या खोलीवर पेढे खायला आल्या होत्या आणि काळा पत्रा कुठे आहे म्हणून त्यांनी आधी विचारले. इतक्या वर्षांत त्यांनी त्या कागदाचा विषय माझ्यापाशी एकदाही काढला नाही. मी समोर आलो की इतर कोणाशी बोलतात तशाच बोलत.

मागच्या आठवड्यात मी तो कागद घेऊन बाईंच्या कोथरूडच्या घरी गेलो. तो मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. घड्यांवर फाटला आहे, पण बाण अजून लाल आहे. बाईंनी चष्मा लावून तो टेबलावर पसरला आणि बराच वेळ बघितला.

"अहो मिस्त्री, हा ठेवलात तुम्ही?"

मी विचारले, "बाई, बाण पूर्वेकडेच आहे. तुम्ही त्या दिवशी असं का सांगितलंत?"

"अगदीच खोटं नव्हतं ते," बाई म्हणाल्या. "मुलांना काही शिकवायच्या आधी मी विचारते, तुम्हाला काय माहीत आहे. तुम्हाला नाही विचारलं. पाणी म्हटलं की तुम्ही कुठं बघता, हे विचारलं असतं तर तुम्ही गटार दाखवलं असतं. मी नुसता बाण काढून मोकळी झाले."

मला हे पटलेले नाही. सातवी शिकलेल्या माणसालाही बाण कळतो, आणि खिशात कागद असताना गप्प राहिलो तो मी राहिलो. हे छापायला देऊ का, असे मी विचारले. नोकरी संपून इतकी वर्षे झाल्यावर उपयोग काय, असे त्या म्हणतील असे मला वाटले होते. त्या म्हणाल्या, "द्या. पण मला फार चांगलं करून ठेवू नका. आणि तापी बरोबर गेली होती, तेही लिहा."

म्हणून सर्व माजी विद्यार्थ्यांना, पालकांना आणि संस्थेला मी हे कळवतो. निमोणकर बाईंचा बाण बरोबर होता. ढाळ मी चुकवला. मूळ कागद मी समितीकडे दिला आहे. तो ग्रंथात छापावा, आणि "उलटा बाण" असे ज्यांनी लिहिले आहे त्यांनी ते बदलावे. तुम्ही ते पाणी डोळ्यांनी पाहिले होते म्हणून ते तुमच्या लक्षात राहिले. हा कागदही तसाच पाच मिनिटे बघा.

बाईंना उदंड आयुष्य लाभावे आणि त्यात गुडघे त्यांना त्रास न देवोत. त्यांची नजर आहे तशी राहावी, म्हणजे आमच्या चुका त्यांना दिसत राहतील. बाईंच्या पंचाहत्तरीच्या समारंभाच्या व्यासपीठाला पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. हे मी समितीला तीनदा सांगितले आहे. होईल म्हणतात. नाही झाले तर मी पायऱ्यांपाशी उभा राहीन, तेवढी परवानगी असावी.

त्या दिवशी मुले बाईंच्या हस्ते त्र्यंबकेश्वरला पाणी ओतवणार आहेत. मला काळजी लागून राहिली होती, इतक्या वर्षांत कोबा कुठे बसला असेल तर काय. म्हणून काल सकाळी मी शाळेत जाऊन एक तांब्या ओतून पाहिला. पाणी नाशिकवरून, पैठणवरून सावकाश पुढे गेले, कुठे थांबले नाही, आणि नांदेडच्या पुढे जाऊन जांभळाच्या मुळाशी जिरले.

इंगळे मिस्त्री, वारजे